साईन इंटरप्रिटरचा सराव खऱ्यासारखा हवा असेल तर आधी डेफ माणसाला खोलीत आणा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की साईन लँग्वेज इंटरप्रिटिंगचा डिप्लोमा झालेली पाच-सहा मुलंमुली नाशिकमध्ये तुमच्याकडे सरावाला येतायत, वर्गात साईन छान करतात, व्हिडिओ लावला की धडाधड इंटरप्रिट करतात, म्हणजे बोललेलं साईनमध्ये सांगतात, पण दवाखान्यात नाहीतर बँकेत खरोखर उभं केलं की हात अडकतात, तर सराव खऱ्यासारखा घ्यायचा कसा. मी बरीच वर्षं आयएसएल, म्हणजे इंडियन साईन लँग्वेजचं इंटरप्रिटिंग करतेय आणि शिकवतेय पण, त्यामुळे सविस्तरच लिहिते.

सगळ्यात आधी, मुलांच्या साईन कमी पडतायत असं समजून शब्द वाढवायच्या मागे लागू नका. शब्दांची सोय आता भरपूर झालीय, दिल्लीच्या आयएसएलआरटीसीनं, म्हणजे भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्रानं, २०१८ ला डिक्शनरी काढली तेव्हा ३००० शब्द होते, २०२१ मध्ये ते १०,००० वर गेले, आणि सगळं व्हिडिओत फुकट बघायला मिळतं. मुलं जिथे अडकतात ती जागा वेगळी आहे. डॉक्टर कॉम्प्युटरकडे बघत बोलतायत, पेशंटची आई मधेच उत्तर देतेय, दारातून सिस्टर पुढचा नंबर पुकारतायत, पेशंट मान हलवतोय पण त्याला कळलंय की नाही देव जाणे, आता थांबवायचं कुणाला, कधी, आणि काय बोलून? हे व्हिडिओसमोर बसून कधीच येणार नाही, कारण व्हिडिओ उलट प्रश्न विचारत नाही, आणि त्यातल्या माणसाला तुमचं काहीही कळलं नाही तरी त्याचं काही बिघडत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, सरावात समोर खरा डेफ, म्हणजे ऐकू न येणारा माणूस पाहिजे, त्याला खरंच न समजण्याची मुभा पाहिजे, आणि शेवटी 'कळलं की नाही' हे त्यानंच ठरवलं पाहिजे. बाकी सगळं, कॅमेरा, रोल प्ले, फीडबॅकचे फॉर्म, ह्याच्या नंतर.

हिअरिंग, म्हणजे ऐकू येणाऱ्या मुलांनीच आळीपाळीनं डेफ पेशंट बनायचं हा प्रकार मला अजिबात मान्य नाही, खूप ठिकाणी सर्रास चालतो तरी. एकतर डेफ असणं ही नक्कल करायची गोष्ट नाही, आणि दुसरं म्हणजे त्यातून सराव होतच नाही, कारण डॉक्टर मराठीत काय म्हणाले ते त्या मुलाच्या कानावर आधीच पडलेलं असतं, मग तुमची साईन अर्धी चुकली तरी तो बरोबर उत्तर देतो आणि तुम्हाला वाटतं जमलं की!

आता डेफ माणूस आणा म्हटलं की सगळे एकच ओळखीचा, शिकलेला, झकास साईन करणारा तरुण आणतात आणि वर्षभर त्याच्यावरच गाडी चालते. तो पाहिजेच, पण तेवढ्यावर भागत नाही. साठीच्या पुढचे कुणीतरी पाहिजेत, ज्यांना शाळेत बोलायलाच लावलं, ओठ वाचायला शिकवलं आणि साईन ते शाळेबाहेर मित्रांत शिकले, त्यांच्या खुणा वेगळ्या असतात, मधेच ओठ हलवतात, आणि तुम्ही डिक्शनरीतली साईन केली की 'हे काय?' म्हणून बघत बसतात. आणि जिल्ह्यातल्या सुरगाणा, पेठ ह्या बाजूचा शाळेत न गेलेला कुणी मिळाला, तर ती सगळ्यात मोठी शिकवणी, कारण त्याच्याकडे फक्त घरातल्या खुणा असतात. तिथे चांगल्यातला चांगला हिअरिंग इंटरप्रिटर एकटा पुरत नाही, सोबत डेफ इंटरप्रिटर लागतो, म्हणजे आपण मराठीतून आयएसएलमध्ये करायचं आणि त्यानं ते त्या माणसाच्या खुणांत उतरवायचं. हे रिलेचं काम मुलांनी सरावातच करून बघितलं पाहिजे, नाहीतर खऱ्या वेळी 'मला कळत नाहीये, मला डेफ इंटरप्रिटर लागेल' हे वाक्य तोंडातून बाहेरच पडत नाही. आणि ह्या सगळ्यांना मानधन द्या ताई, चहा-नाश्त्यावर बोलावू नका. ते तिथे शिकवायला येतायत.

सीन कसा बसवायचा ते सांगते, सिव्हिलच्या ओपीडीचंच उदाहरण घेऊ. पूर्ण संवाद लिहून सगळ्यांना वाटायचा नाही, ही एक गोष्ट पक्की धरा. प्रत्येकाला आपापलं कार्ड द्यायचं आणि एकाचं कार्ड दुसऱ्यानं बघायचं नाही. डॉक्टरच्या कार्डावर काय विचारायचं ते, शिवाय मधेच फोन घ्यायचा आणि पेशंटऐवजी इंटरप्रिटरकडे बघून 'त्याला विचारा' म्हणायचं. पेशंटच्या कार्डावर दुखणं किती दिवसांचं, आणि आधीच्या गोळ्या मधेच बंद केल्यात पण आईसमोर ते सांगायचं नाहीये. आईच्या कार्डावर एकच ओळ, प्रत्येक प्रश्नाला आपणच उत्तर द्यायचं, 'त्याला काय कळतंय, मी सांगते ना.' आणि इंटरप्रिटरला फक्त तेवढंच सांगायचं जेवढं खऱ्या फोनवर सांगतात, सिव्हिल, मेडिसिन ओपीडी, सकाळी दहा वाजता, पेशंट पंचविशीचा मुलगा. बास. डॉक्टर म्हणून शक्यतो खरे डॉक्टर नाहीतर नर्स आणा, एखादे रिटायर झालेले डॉक्टर आनंदानं येतात, कारण डॉक्टर जसं भरभर आणि अर्धवट बोलतात तसं आपल्या मुलांना मुद्दाम ठरवून बोलता येत नाही.

आता ह्याच सीनमधला एक तुकडा बारकाईनं बघू. डॉक्टर एका दमात म्हणतात, 'ही गोळी एक दिवसाआड, ही रोज रात्री जेवणानंतर, आणि ही दुखलं तरच.' मुलगी साईन करते, पेशंट मान डोलावतो, डॉक्टर पुढचा कागद ओढतात आणि सीन संपायला येतो. पेशंटच्या कार्डावर इथे मी लिहिलेलं असतं की कळलं नसलं तरी मान हलवा. आयुष्यभर हिअरिंग लोकांसमोर मान हलवून वेळ मारून न्यायची सवय आपल्या बऱ्याच डेफ मंडळींना लागलेली असते, घरात, शाळेत, बँकेत सगळीकडे तसंच करावं लागलेलं असतं, तेव्हा हे काही मुद्दाम रचलेलं नाटक नाही. मग बघायचं की मुलीच्या ते लक्षात येतं का. आणि लक्षात आलं तर ती काय करते? बहुतेक जणी 'कळलं का?' असं विचारतात, आणि त्यावर पुन्हा मान हलते. पेशंटला गोळ्या कशा घ्यायच्या ते परत सांगायला लावलं तरच खरं काय ते कळतं. पण ते सांगायला लावणं हे काम डॉक्टरांचं, म्हणून डॉक्टरांकडे वळून स्वच्छ बोलायचं, 'मी इंटरप्रिटर बोलतेय, गोळ्या कशा घ्यायच्या हे पेशंटला परत सांगायला लावाल का?' मग पेशंट साईन करून दाखवतो आणि उजेड पडतो की तिन्ही गोळ्या रोज घ्यायच्या असं त्याला वाटलंय. आता दिवस हवेत एकापुढे एक मांडायचे, आज गोळी, उद्या नाही, परवा गोळी, तेरवा नाही, आणि बाकीच्या दोन गोळ्या वेगळ्या जागी ठेवायच्या. एवढ्याशा दोन मिनिटांच्या तुकड्यावर मी अख्खी दुपार घालवते, तोच सीन कार्डं बदलून परत परत, कधी डॉक्टर म्हणतात 'मला वेळ नाही', कधी आई म्हणते 'मी देईन गोळ्या, तुम्ही कशाला', आणि मुलांना तिथल्या तिथे ठरवावं लागतं.

व्हॉइसिंग, म्हणजे डेफ माणसाचं साईन बघून मराठीत बोलणं, ह्याचा सराव आपल्याकडे जवळजवळ होतच नाही. मराठीत तर हे जास्तच अवघड. नियम असा की डेफ व्यक्ती जे म्हणेल ते प्रथमपुरुषात बोलायचं, 'तो म्हणतोय की' असं करायचं नाही. आता इंटरप्रिटर बाई आहे आणि डेफ माणूस पुरुष आहे, तर तिनं 'मी गेलो होतो, मी बिल भरलं, मी थांबलो' असं बोलायचं, आणि आपल्या इथे इंटरप्रिटिंगमध्ये मुली जास्त, त्यामुळे हा प्रसंग रोजचा. पहिल्या काही वेळा जीभ 'गेले होते'कडेच वळते, समोरचा साहेब पण गोंधळतो की ही स्वतःचं सांगतेय की त्याचं. म्हणून सुरुवातीलाच साहेबांना सांगून ठेवायचं की मी जे 'मी' म्हणेन ते ह्यांचं बोलणं आहे, आणि हे सांगायचा पण सराव लागतो, दोन वाक्यांत, लेक्चर न देता.

दुसरं ते तू आणि तुम्ही. डेफ माणूस समोर बोट दाखवतो, त्याचं मराठीत तू करायचं की तुम्ही करायचं हे इंटरप्रिटर ठरवतो, म्हणजे त्या माणसाचं सभ्य दिसणं न दिसणं आपल्या जिभेवर असतं. मॅनेजरशी बोलताना तोंडातून 'तू सांगितलंस' गेलं तर उद्धट तो ठरतो. आणि उलट बाजूनं, क्लार्क पन्नाशीच्या डेफ बाईंना 'ए, हिला सांग' म्हणतो, ते गोड करून पोचवायचं का? माझं मत, करायचं नाही. तिच्याशी कसं बोललं जातंय हे कळण्याचा तिला हक्क आहे, ते तोंडावरच्या भावांतून, जसं आहे तसं जाऊ दे, मग काय करायचं ते ती बघेल. ह्यावर तुमच्या ग्रुपमध्ये वाद होतील, होऊ द्या, पण डेफ मंडळींना समोर बसवून होऊ द्या.

वेगाबद्दल. मुलांना वाटतं की बोलणं सुरू झालं की हात सुरू व्हायला पाहिजेत, मागे पडलो म्हणजे कच्चे. खरं तर उलट आहे. अमेरिकेत डेनिस कोकली यांनी १९८६ साली इंटरप्रिटरच्या चुका तपासल्या, तर बोलणाऱ्याच्या साधारण २ सेकंद मागे राहणाऱ्यांच्या चुका ४ सेकंद मागे राहणाऱ्यांपेक्षा दुपटीहून जास्त निघाल्या. आणि आपल्या मराठीत तर 'नाही' शेवटी येतं ना! 'ही गोळी सकाळी चहाबरोबर रिकाम्या पोटी घ्यायची... नाही.' तोपर्यंत तुमच्या हातांनी गोळी देऊन टाकलेली असते. म्हणून सुरुवातीचे काही महिने सायमल्टेनियस, म्हणजे बोलणं चालू असतानाच साईन करणं, बंदच ठेवा. बोलणारा एक मुद्दा पूर्ण करेल, थांबेल, मग साईन. ते पक्कं झालं की हळूहळू थांबे कमी करा. आणि हात खाली ठेवून शांत ऐकणं हा पण सराव आहे, बऱ्याच मुलांना तोच सगळ्यात कठीण जातो.

जागा पण खऱ्या पाहिजेत, सगळं वर्गात बसून होत नाही. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत डेफ कामगार असतात, तिथे सेफ्टी ट्रेनिंग असतं, ट्रेनर मशीन चालवत चालवत बोलत असतो आणि डेफ कामगार एका वेळी एकतर मशीन बघू शकतो नाहीतर तुम्हाला. कानानं ऐकणाऱ्याला दोन्ही एकदम जमतं म्हणून ट्रेनरच्या ते डोक्यातच येत नाही. तेव्हा त्याला आधीच सांगायचं की आधी बोला, मग थांबा, मग करून दाखवा. हे कुठल्याही वर्कशॉपमध्ये, अगदी गॅरेजवाल्याला विनंती करून पण सरावात बसवता येतं.

आणि बुधवारी गोदाघाटावर बाजार भरतो, तिकडे एकदा सगळ्यांना घेऊन जा. भाजी घेणं, भाव करणं एवढाच सीन. मधून माणसं जातायत, हात दिसत नाहीत, उभं कुठे राहायचं हेच मुळात कळत नाही. मुलं ऊन डोळ्यांवर नको म्हणून सूर्याकडे पाठ करून उभी राहतात आणि मग समोरच्या डेफ माणसाला त्यांचा चेहरा काळा दिसतो, भुवया दिसत नाहीत, आणि भुवया दिसल्या नाहीत तर हो-नाहीचा प्रश्न हा प्रश्न आहे हेच कळत नाही. वर्गात ट्यूबलाइटखाली हे कधी शिकवून होणार? २०२६-२७ च्या सिंहस्थाला रामकुंडावर देशभरातनं लोक येणार, त्यात डेफ यात्रेकरूपण असणार, त्यांच्या प्रांतातल्या साईन थोड्याफार वेगळ्या असणार. हरवलेली व्यक्ती, मदत केंद्र, गर्दी, स्पीकरची अनाउन्समेंट, हा सीन नाशिकच्या इंटरप्रिटरला यायलाच पाहिजे.

फीडबॅकचा क्रम सांभाळा, ह्यावर मी फार कडक आहे. सीन संपला की आधी डेफ व्यक्ती बोलणार, तिला काय कळलं ते तिनं आपल्या भाषेत सांगायचं, 'छान केलं' असलं काही नको, नुसतं काय कळलं ते सांगा म्हणायचं. मग डॉक्टर किंवा साहेब झालेल्यानं त्याला काय कळलं ते सांगायचं. दोन्ही गोष्टी जुळल्या की नाही हे तिथेच दिसतं. त्यानंतर इंटरप्रिटर सांगणार की अमुक ठिकाणी मी का थांबवलं, का थांबवलं नाही. शिकवणारी सगळ्यात शेवटी. आपण आधी तोंड उघडलं की डेफ मंडळी संकोचानं आपलीच री ओढतात, 'मॅडम बोलल्या ते बरोबर' म्हणून विषय संपतो.

दोन मोबाईल लावा, एक इंटरप्रिटरवर आणि एक समोरच्यांवर. घरी बघताना आधी आवाज बंद करून बघायला सांगा, नुसत्या हातांवरून काय अर्थ निघतो ते लिहून काढायचं, मग आवाज लावून ताडून बघायचं. मुलांना स्वतःलाच दिसतं की प्रश्नाचा प्रश्न झालाच नाही, 'कधीपासून' हे आयएसएलमध्ये शेवटी यायला हवं ते मराठीच्या ओघात आधीच येऊन गेलं, किंवा साईन करताना आईची जागा हवेत डावीकडे धरली होती ती मधेच उजवीकडे गेली.

आणि चर्चा फक्त साईनवर ठेवू नका. डीन आणि पोलार्ड ह्या दोघांनी २००१ साली एक मांडणी केली, डिमांड-कंट्रोल म्हणतात तिला. कामाच्या ठिकाणी इंटरप्रिटरवर जे ताण येतात ते चार प्रकारचे धरायचे, जागेचे, माणसामाणसांतले, समोरच्याच्या बोलण्याच्या किंवा साईन करण्याच्या ढंगाचे, आणि आपल्या स्वतःच्या मनातले, आणि प्रत्येक ताणापुढे आपल्या हातात काय काय करण्यासारखं होतं ते बघायचं. मुलं फक्त साईन चुकली म्हणून रडत बसतात तेव्हा हे चार कप्पे फळ्यावर लिहून त्यांना भरायला लावा, बऱ्याचदा कळतं की साईन येत होती पण पेशंट रडायला लागला आणि आपणही हललो. त्यावर सराव वेगळा लागतो, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

दमणूक पण सरावात धरा. १९९८ साली बार्बरा मोझर-मर्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉन्फरन्स इंटरप्रिटरवर अभ्यास केला, तर साधारण ३० मिनिटांनंतर दर्जा घसरत होता आणि त्या इंटरप्रिटरना स्वतःला ते कळत नव्हतं. त्यातली शेवटची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. म्हणून लांबलेली मीटिंग दोघांत करायची, दर पंधरा-वीस मिनिटांनी बदलायचं, आणि जो बसलाय त्यानं फोन बघायचा नाही, जोडीदाराचं नाव किंवा आकडा सुटला तर पुरवायचा. हे पुरवणं पण बसवून घ्यावं लागतं, नाहीतर एक जण चुका दाखवतो आणि दुसरा चिडतो.

एक गोष्ट मात्र करू नका, शिकाऊ मुलांना 'अनुभव येईल' म्हणून खऱ्या पेशंटबरोबर एकटं पाठवू नका. हे होतं, मी बघते, आणि मला खूप त्रास होतो. ती बाई तिच्या पोटातल्या बाळाबद्दल विचारायला आलेली असते, आपल्या मुलांच्या प्रॅक्टिससाठी नाही. अनुभवी इंटरप्रिटरबरोबर, पेशंटला साईनमध्ये नीट विचारून, तिनं हो म्हटलं तर आधी नुसतं बसायला न्या, नंतर कधीतरी सोपा भाग द्या, अनुभवी माणूस शेजारी असताना. आणि बाहेर आल्यावर रिक्षात चर्चा नाही. नाशिकमध्ये डेफ मंडळी सगळी एकमेकांना ओळखतात, 'सिडकोतली ती, जिचा नवरा कंपनीत आहे' एवढं म्हटलं तरी नाव कळतं, म्हणून सरावाचे सीन पण खऱ्या केसवरून जसेच्या तसे उचलू नका, गाव, वय, आजार सगळं बदला. रेकॉर्डिंग कोण बघणार आणि कधी डिलीट करणार हे आधीच ठरवून डेफ पार्टनरना साईनमध्ये सांगा.

कोर्टाचा सीन सगळ्यात शेवटी घ्या, तोही वकील आणून. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १२५ मध्ये, जो साक्षीदार बोलू शकत नाही त्याची साक्ष इंटरप्रिटर किंवा स्पेशल एज्युकेटरच्या मदतीनं घ्यायची आणि त्याचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करायचं असं स्पष्ट आहे, म्हणजे तुमची प्रत्येक साईन नंतर कुणीही तपासू शकतो. वकिलाचं 'हो की नाही एवढंच सांगा', प्रश्नातच दडलेलं उत्तर, तारखा, अंतर, किती वाजता उजेड होता, हे सगळं आयएसएलमध्ये दाखवायचं म्हटलं की दाखवता दाखवताच साक्षीदाराला उत्तर सुचवलं जाण्याची भीती असते. 'कशानं मारलं' विचारताना तुम्ही हातानं काठीचा आकार केलात की काठी तुमची झाली. त्यामुळे कॅमेरा चालू ठेवून, समोर डेफ इंटरप्रिटर बसवून, एकेक प्रश्न थांबवून थांबवून करा. तोपर्यंत पहिले काही महिने ओपीडी, बँक, तलाठी ऑफिस, शाळेतली पालक सभा एवढंच पुरे आहे, त्यात पण तलाठी ऑफिसचा सीन सोपा समजू नका, गट नंबर, सातबारा, वारसांची नावं, सगळं आकडे आणि फिंगरस्पेलिंग, म्हणजे एकेक अक्षर हातानं दाखवणं, तिथे मुलांचा खरा घाम निघतो. ओपीडीची आणि तलाठी ऑफिसची कार्डं माझ्याकडे मराठीत तयार आहेत, हवी असतील तर देते, पण वापरण्याआधी तुमच्या डेफ पार्टनरबरोबर बसून त्यांच्या मतानं बदलून घ्या.